सहा डिसेंबर नसलेले दादर

आमच्या आईला दादर ठाऊक होते ते फक्त ६ डिसेंबरचे. पुलगावला गाडीत पाय ठेवायला जागा नसताना चढायचे, संडासाच्या दाराशी चादर अंथरून रात्र काढायची, दादरला उतरले की गर्दी नेईल तिकडे जायचे, शिवाजी पार्कच्या मैदानात भाकरीचे फडके सोडायचे, रांगेत उभे राहायचे, परमपूज्य बाबासाहेबांना वंदन करायचे आणि येताना एखादे पुस्तक व नातवंडांसाठी निळे बिल्ले घेऊन परत गाडीत बसायचे. असे तिने वीसबावीस वर्षे केले. दादरला दुकाने आहेत, भाजीबाजार आहे, तिथे माणसे राहतात, हे तिच्या कधी ध्यानातच आले नव्हते. तिच्या मते दादर म्हणजे आपली माणसे आणि त्यांच्यापलीकडे समुद्र.

२०२२ च्या जुलै महिन्यात आम्ही दोघी बहिणी तिला घेऊन सेवाग्राम एक्सप्रेसने दादरला उतरलो, तेव्हा धो धो पाऊस पडत होता. निळा झेंडा कुठे दिसेना. जयभीम घालणारे कोणी नाही. आई पुलाच्या पायऱ्यांवर थांबून इकडेतिकडे पाहू लागली आणि म्हणाली, "हे दादर नोहे वो. आपण चुकीच्या टेशनावर उतरलो."

तिच्या डाव्या टाचेला फडके गुंडाळलेले होते. त्या टाचेपायी आम्ही आलो होतो.

त्याचे असे झाले. साधारण दीड वर्षापूर्वी टाचेवर तुरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका दिसला. निंदण, कापूस वेचणी करणाऱ्या बाईच्या पायाकडे कोण पाहतो? भेगा, काटे, कुरूप हे तिच्या पायाचे नेहमीचेच. तिने ब्लेडने खरवडून पाहिले, कुरपाची पट्टी लावली. ठिपका पसरला, त्याच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या, एका बाजूला काळा तर दुसऱ्या बाजूला तांबूस दिसू लागला. मग त्यातून पाणी आणि रक्त येऊ लागले. तालुक्याच्या ठिकाणच्या एका डॉक्टरांनी तीन वेळा मलम दिले आणि एकदा ते काप देऊन काढले. काढलेला तुकडा तपासायला पाठवायचा असतो हे आम्हाला माहीत नव्हते, त्यांना माहीत असायला हवे होते. पुन्हा चार महिन्यांनी तिथेच काळे मांस वर आले. शेवटी आमच्यातल्या अंगणवाडी सेविका असलेलीने हट्ट धरला आणि मोठ्या दवाखान्यात तुकडा तपासला. कागदावर शब्द होता मेलानोमा. कातडीचा कर्करोग.

कातडीलाही कॅन्सर होतो, हे गावात कोणाला पटेना. तंबाखूने तोंडाला होतो, बाईला छातीला होतो, पिशवीला होतो, एवढे लोकांना माहीत आहे. जे थोडे शिकलेले होते ते म्हणाले की हा गोऱ्या लोकांचा रोग, उन्हाने होतो. गोऱ्या कातडीच्या लोकांत तो उन्हामुळे होतो हे खरे. पण आपल्यासारख्या सावळ्या लोकांत हा रोग मुळात थोडा आणि होतो तेव्हा पुष्कळदा तळपायाला, तळहाताला, नाहीतर नखाखाली होतो, जिथे ऊन लागतच नाही. म्हणूनच तो कुरूप समजून, चामखीळ समजून, नखाला मार लागला असेल समजून राहून जातो. भगिनींनो, ही गोष्ट आम्ही फार उशिरा शिकलो, म्हणून येथेच सांगून ठेवतो. तळपायावरचा काळा डाग वाढत असेल, त्याच्या कडा आणि रंग सारखे नसतील किंवा नखात काळी रेघ उठून रुंद होत असेल, तर ब्लेड लावू नका. दवाखाना गाठा.

आता एक कबुली. आमचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर हजर होते. घरात बावीस प्रतिज्ञांची तसबीर आहे. आईने आयुष्यात कधी उपास केला नाही, नवस केला नाही, आमच्या बाळंतपणांत कोणाला सुई-लिंबू करू दिले नाही. अशा घरात रिपोर्ट आल्याच्या आठवड्यात शेजारणीने एक ताईत आणून दिला. तो आम्ही परत केला नाही. आईच्या प्रवासी पिशवीच्या अस्तरात शिवून टाकला. दोघींपैकी कोणी शिवला हे येथे लिहीत नाही. एकीने शिवला आणि दुसरीने दोरा ओवून दिला, असे समजावे. दिवसा आम्ही विहारात वंदना म्हणत होतो आणि रात्री त्या पिशवीला हात लावून पाहत होतो.

परळचा तो दवाखाना नुसता टाटा म्हणून सगळ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. नाव टाटा मेमोरियल. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी तो सुरू झाला आणि १९६२ पासून भारत सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. आम्हाला वाटले होते, एक इमारत असेल. तिथे इमारतींचे गावच आहे आणि त्या गावात नुसते आपलेच लोक नाहीत. बिहार, बंगाल, आसाम, उत्तर प्रदेश, कुठकुठची माणसे हातात फाईल घेऊन उभी. बाहेर पदपथावर निळ्या-पिवळ्या ताडपत्रीखाली संसार मांडलेले. एक आई स्टोव्हवर खिचडी ढवळते आहे, शेजारी तोंडाला फडके बांधलेला, डोक्यावरचे केस गेलेला मुलगा. पहिल्या दिवशी आई आमच्या फाईलीकडे पाहीना, त्या मुलाकडेच पाहत राहिली.

जागा मिळाली दादर पूर्वेला, गाडगेबाबांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत. कॅन्सरचे पेशंट व त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. हे ऐकून आईचा चेहरा पहिल्यांदा खुलला. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातले शेंडगावचे, म्हणजे आमच्याच मुलुखातले. पंढरपूरची आपली धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली होती. बाबासाहेब गेल्यावर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला तेही गेले. आई खाटेवर बसली आणि म्हणाली, "चला, कोणी तरी वळखीचं भेटलं."

सगळ्या तपासण्यांत पंधरा दिवस गेले. रोज परळ-दादर, दादर-परळ. टॅक्सीतून जाताना आम्ही तिला सांगत असू, याच परळच्या चाळीत बाबासाहेब कितीतरी वर्षे राहिले, याच परळच्या दामोदर हॉलमध्ये १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, आणि दादरला हिंदू कॉलनीत राजगृह. ती खिडकीची काच पुसून पाही. तिथे उंच टॉवर आणि उड्डाणपूल. "दिसत नाही काही," म्हणे. पण पुन्हा पाही.

योजनेच्या कागदांसाठी केशरी रेशनकार्ड बरोबर होते म्हणून महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत नाव बसले. रेल्वेतही कॅन्सरच्या पेशंटला दवाखान्याचा दाखला दाखवल्यास स्लीपरचे तिकीट पूर्ण माफ होते आणि सोबत्याला पंचाहत्तर टक्के सवलत मिळते. आम्ही पहिल्यांदा पूर्ण पैसे मोजून आलो. आपल्या लोकांनी तसे करू नये.

सोळाव्या दिवशी डॉक्टरीण बाईंनी समजावून सांगितले. टाचेवरची गाठ भोवतालच्या दोन सेंटिमीटर चांगल्या कातडीसह काढावी लागेल, मांडीची कातडी काढून तिथे बसवतील. जांघेत निळे औषध जिथे पहिल्यांदा पोचेल ती गाठ काढून तपासतील, म्हणजे रोग पुढे सरकला की नाही ते कळेल. संमतीपत्रावर सही हवी. आईने प्रौढ शिक्षणाच्या वर्गात सही शिकलेली आहे आणि तिला तिचा फार अभिमान आहे. कुठेही अंगठा देत नाही. त्या दिवशी तिने पेन खाली ठेवला.

"मले घरी न्या," ती म्हणाली. "टाच कापून मी उभी कशी राहू? बुद्धावर श्रद्धा हाय ना माही? मंग झालं. मी रोज सूत्र म्हणतो. बरी होईन नाहीतर नाही होईन."

आम्ही काय बोलणार? श्रद्धा खोटी आहे असे कसे म्हणायचे? आणि पिशवीच्या अस्तरात ताईत शिवलेल्या माणसांनी म्हणायचे? तीन दिवस ती हलली नाही. धर्मशाळेच्या व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसे आणि ओठ हलत राहत.

आमच्या थोरलीचा मुलगा मुंबईत शिकतो. विद्याविहारला चार पोरांत खोली आहे. त्याच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी बॉब मार्ले नावाच्या काळ्या गायकाचे चित्र आहे. जमैकाचा, गरिबांची, दबलेल्यांची गाणी म्हणणारा. हा पोरगा आजीजवळ येऊन बसला आणि त्याने त्या माणसाची हकीकत सांगितली. १९७७ साली त्याच्या पायाच्या बोटाच्या नखाखाली हाच रोग निघाला, आजीचाच. फुटबॉल खेळताना लागले असेल, असे आधी वाटले होते. डॉक्टर म्हणाले बोट काढा. तो नको म्हणाला. त्याच्या रास्ताफारी धर्मात शरीर कापू नये अशी श्रद्धा होती म्हणून नको म्हणाला, असे सांगतात. थोडेसे कापून वर मांडीची कातडी लावली. रोग आत गेला. ११ मे १९८१ ला तो वारला.

"किती वर्साचा व्हता?" आईने विचारले.

"छत्तीस."

"पोट्टंच व्हतं," ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळाने, "त्याची माय व्हती का?"

होती. ते ऐकून ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी स्वतःच म्हणाली, चैत्यभूमीला न्या.

गर्दी नसलेली चैत्यभूमी आम्हीही प्रथमच पाहत होतो. सहा डिसेंबरला स्तूपाचा घुमट तेवढा दिसतो आणि माणसांची डोकी. त्या दिवशी सगळे दिसले. सांचीच्या धर्तीचे तोरणद्वार, अशोकस्तंभ, आत बाबासाहेबांचा पुतळा व भगवान बुद्धाची मूर्ती. ७ डिसेंबर १९५६ ला येथे बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. हा स्तूप पुढे ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते खुला झाला. शेजारी इंदू मिलच्या जागेवर स्मारकाचे काम चालू होते, यंत्रांचा आवाज येत होता. समुद्र मात्र भरतीचा, गढूळ, भिंतीवर आपटणारा. कॉलेजची दोन मुले, एक म्हातारे गृहस्थ छत्री मिटून बसलेले, एवढेच लोक. आईने चप्पल काढली, फडके बांधलेली टाच अलगद टेकली, आणि रांगेशिवाय, पोलिसांच्या "चला, चला" शिवाय ती बाबासाहेबांसमोर हवी तितकी बसली. वीसबावीस वर्षांत मिळून तिला तिथे पाच मिनिटे मिळाली नसतील. त्या दिवशी अर्धा तास मिळाला.

तिथे एक वयस्क भन्तेजी होते. तिने त्यांना पंचांग प्रणाम करायला पाहिले, पण पायामुळे वाकता येईना. त्यांनी हाताने थांबवले आणि पायाला काय झाले ते विचारले. तिने सगळे सांगितले. ताईतसुद्धा! आमच्या पायाखालची जमीन सरकली. तिला कधीच सापडला होता. पिशवी सुकवताना अस्तराचा टाका निराळ्या दोऱ्याचा दिसला म्हणे. शिवणाऱ्या बाईची नजर ती. तिने कनवटीतून तो काढून भन्तेजींसमोर ठेवला आणि म्हणाली, "माह्या पोरी भेल्या. मीबी भेलो. यायनं ताईत शिवला अन् मी सूत्राचा ताईत केला. खरं काय ते तुम्ही सांगा."

भन्तेजी ताईताकडे पाहून हसले, रागावले नाहीत. त्यांनी एक कथा सांगितली. राजगृहाला गृध्रकूट पर्वतावरून देवदत्ताने तथागतांवर दगड लोटला, त्याची कपारी उडून त्यांच्या पायात घुसली, रक्त आले, भयंकर वेदना झाल्या. भिक्खूंनी त्यांना उचलून मद्दकुच्चीच्या मृगवनात नेले. त्या वेदना त्यांनी सावध चित्ताने, कण्हण्यावाचून सहन केल्या, एवढेच आपण सांगतो. पण त्यापुढचे कोणी सांगत नाही. तिथून त्यांना जीवक वैद्याच्या आम्रवनात नेले आणि जीवकाने जखमेला औषध लावून पट्टी बांधली. "ताई, तथागतांनी पाय पुढे केला," भन्तेजी म्हणाले. "मी बुद्ध आहे, मला पट्टी कशाला, असे म्हटले नाही. सूत्र मनासाठी म्हणा. पाय वैद्याला द्या."

आणखी ते म्हणाले की बाबासाहेबांना मधुमेह होता, पाय दुखत, ते इन्शुलीन घेत. उपचारांसाठी डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात जात आणि तिथे त्यांची माईसाहेबांशी भेट होई, पुढे १५ एप्रिल १९४८ ला विवाह. ही माहिती आईला नवी होती. माईसाहेब डॉक्टर होत्या हे तिला ठाऊक होते, पण त्या दवाखान्यात भेटल्या हे नव्हते. येताना टॅक्सीत ती त्यावरच बोलत राहिली.

ताईत तिने समुद्रात टाकला नाही. शेजारणीने चांगल्या मनाने दिला, म्हणाली, तिचा तिला परत देऊ. सही तिने दुसऱ्या दिवशी सकाळी केली. तीन अक्षरी नाव, नेहमीपेक्षा मोठे काढले.

ऑपरेशन झाले. त्याचे वर्णन काय करायचे? आम्ही बाहेर बाकावर होतो आणि आत काय चालले ते आम्हाला दिसत नव्हते. वॉर्डात तिच्या एका बाजूला उत्तर प्रदेशच्या एक मुसलमान बाई होत्या, हातात तसबी, बोटे सतत फिरत. दुसऱ्या बाजूला परभणीकडच्या माळकरी आजी, त्या पांडुरंगाला हाक मारीत. आई मधे मेत्ता सुत्त म्हणे. पूर्वी ती अशा गोष्टींवर वाद घालायची, विहारातल्या बायकांना विचारा. तिथे नाही घातला. रात्री माळकरी आजींना उलटी झाली तेव्हा हिनेच खाटेवरून ओरडून आम्हाला उठवले आणि म्हणाली, पहिले तिले पहा. आम्ही त्यांचे लुगडे बदलले, फरशी पुसली. भगवंतांनी आनंदाला बरोबर घेऊन घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला धुतले, ही गोष्ट आम्ही वर्षावासात कितीदा ऐकली आहे. ते काम हातांनी करताना नाकाला फडके बांधावे लागते, हे त्या रात्री कळले.

वेदना कमी झाल्या का? आई म्हणते, सूत्र म्हणताना दुखतच होते, पण ती दुखण्याच्या मागे धावत नव्हती. मांडीची जखम, जिथून कातडी काढली ती, टाचेहून जास्त जळली. त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही.

रिपोर्ट सगळा चांगला आला असता तर हा लेख इथे संपला असता. जांघेतल्या गाठीत रोगाचे कण सापडले. पूर्वी अशा वेळी सरसकट सगळ्या गाठी काढत. आता सोनोग्राफी करून लक्ष ठेवले तरी चालते, असे डॉक्टरांनी सांगितले. इम्युनोथेरपीची नवी इंजेक्शने आहेत, त्यांची किंमत ऐकून आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि आईला ती सांगितलीच नाही. तिने विचारलेही नाही. तिला कळले असावे. २०२३ च्या ऑक्टोबरात जांघेत पुन्हा गाठ दिसली, तेव्हा दुसरे ऑपरेशन झाले, सगळ्या गाठी काढल्या. तेव्हापासून डावा पाय सुजतो. दिवसभर पट्टा बांधावा लागतो, रात्री पाय उशीवर. तू आता बरी झालीस, असे डॉक्टरांनी अजून म्हटलेले नाही. दर काही महिन्यांनी या, एवढेच म्हणतात, आणि आम्ही जातो.

वावरात ती आता जात नाही. काठी घेऊन विहारापर्यंत जाते. विहारात सगळ्या चप्पल काढून बसतात, तेव्हा वंदना संपली की ती बायांना पाय पुढे करायला लावते आणि चष्मा लावून तळवे पाहते. पहिल्यांदा सगळ्या लाजल्या, हसल्या. एकीच्या तळव्याला ठिपका होता, तिला वर्ध्याला पाठवले. कुरूपच निघाले. ती बाई भाड्याचे पैसे फुकट गेले म्हणून आईवर अजून रुसून आहे.

२०२४ च्या ६ डिसेंबरला तिने जायचा हट्ट धरला. गर्दीत पायाला धक्का लागेल म्हणून आम्ही नेले नाही. त्याऐवजी जानेवारीतल्या तपासणीला आदल्या दिवशी पोचलो आणि संध्याकाळी तिला चैत्यभूमीला नेले. भन्तेजी त्या दिवशी भेटले नाहीत. ती बसली, उठली, आणि बाहेर येऊन कणसे भाजणाऱ्या बाईकडून तिघींसाठी तीन कणसे घेतली. पैसे तिने स्वतःच्या कनवटीचे दिले. सकाळी नऊ वाजता परळला नंबर लावायचा होता.